काशीराम मामा आणि सिंकचं बटण

मॅनेजरने लॅपटॉप आणला आणि थेट माझ्या टर्नटेबलवर ठेवला. चहाचा ट्रे टेकवावा तसा.

"अभिनव सर, आधी तो उचला. मग काय बोलायचं ते बोला," मी म्हणाले.

त्याने उचलला. अभिनव वयाने माझ्या निम्मा, मुंबईहून नुकताच बदलून आलेला. त्याने सरळ मुद्द्याला हात घातला.

"वैशाली मॅडम, शनिवारी सकाळी हळदीचं बुकिंग आहे. हा लॅपटॉप, हा कंट्रोलर. शनिवार यावर करून दाखवा, रविवारचा स्लॉट तुमचाच. नाहीतर पुण्याचा एक डीजे तयार आहे. रेकॉर्ड बंद."

गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षबागांमध्ये आमचं हे रिसॉर्ट. दर रविवारी जेवणाच्या वेळेला मी तिथे रेकॉर्ड वाजवते. रेकॉर्ड म्हणजे काळ्या तबकड्या, ज्यांना हल्लीची पोरं विनाइल म्हणतात. माझे वडील पंचवटीत लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. गाणी लावायला मी त्यांच्याकडेच शिकले. पुढे दोन जुनी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवायची यंत्रं, घेतली आणि "बाई डीजे? असं कुठं असतं का?" म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून तीस वर्षं वाजवलं. नाशिकमधले सगळे डीजे सीडीवर गेले, मग पेन ड्राइव्हवर गेले. मी हलले नाही. रविवारचा तो स्लॉट ही माझी शेवटची जागा होती, जिथे मला कोणी "अजून हे वाजतं का?" असं विचारत नव्हतं.

पण अभिनवकडे कारण होतं, हे मी नाकारत नाही. आदल्याच रविवारी मी पुढची रेकॉर्ड कव्हरातून काढून टेबलाच्या कडेला ठेवली होती. एप्रिलचं ऊन. छत्रीची सावली सरकली आणि मी गप्पा मारत बसले. रेकॉर्ड लावली तेव्हा ती पापडासारखी वाकलेली होती. गायिकेचा आवाज असा हेलकावे खायला लागला की पाहुण्यांनी जेवण थांबवून हसून घेतलं. तीस वर्षं वाजवणाऱ्या बाईने करायची चूक नव्हती ती. रात्रभर जिवाला लागून राहिलं. म्हणूनच त्याच्या तोंडावर "जा, ठेव तुझा पुण्याचा डीजे" असं मला म्हणता आलं नाही.

"लॅपटॉप ठेवून जा," मी म्हणाले. "शनिवारी बघू."

कंट्रोलर म्हणजे दोन छोट्या चकत्या आणि पन्नास बटणं असलेली पेटी. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, चकत्या फिरवून ती हाताळायची. एक गाणं संपता संपता दुसरं त्याच लयीत आणून मिसळणं, एवढंच आमचं खरं काम. रेकॉर्डवर ते कानाने करायचं असतं. एका कानाला हेडफोन, दुसरा मोकळा, आणि हाताखाली वेग कमीजास्त करायची पट्टी. कंट्रोलरवर त्यासाठी एक बटण आहे, सिंक. ते दाबलं की लॅपटॉप दोन्ही गाण्यांचे ठोके मोजतो आणि स्वतःच जुळवतो. हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांची तपश्चर्या एका बटणात?

आठवडाभर घरी बसून मी निवडक रेकॉर्ड लॅपटॉपमध्ये उतरवल्या. त्याला शॉर्टकट नाही, वीस मिनिटांची बाजू वीस मिनिटंच घेते. त्यात वडिलांच्या वेळची संबळ-सनईची एक रेकॉर्डही होती. संबळ म्हणजे कमरेला बांधायची दोन छोट्या नगाऱ्यांची जोडी, काठ्यांनी वाजवतात. लॅपटॉपने तिचे ठोके मोजले, मिनिटाला एकशे आठ. मी टाळ्या वाजवून मोजले, बहात्तर. पुन्हा मोजले. बहात्तरच. त्या यंत्राला चार-चारच्या चालीची सवय, आपल्या झुलत्या ठेक्याला ते सरळ हिशोबात कोंबत होतं. मला इतका आनंद झाला की मी उठून चहाच केला.

शुक्रवारी अभिनव ट्रायल बघायला आला. मी संबळावरून एका नाचाच्या गाण्यावर हाताने येत होते, तेवढ्यात त्याने मध्येच बोट घालून सिंक दाबलं. पुढचं अर्धं मिनिट म्हणजे बोहोरपट्टीच्या अरुंद गल्लीत दोन टेम्पो समोरासमोर अडकावेत तसं झालं.

"हे काय झालं?" तो म्हणाला.

"तुमचं बटण झालं."

"म्हणजे, नाचता येईना अंगण वाकडं?"

मी टेबलावरचा नॅपकिन घेतला आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर टाकला. "उद्या हा असाच राहील. मी मशीन तुमचं वापरते, कान माझेच वापरणार."

"स्लॉट उद्यावरच ठरणार आहे, मॅडम," तो म्हणाला आणि निघून गेला.

शनिवारी दहाला मंडळी आली. मुलीचे वडील गावित सर नाशिकला शिक्षक, मूळचे सुरगाण्याकडचे. त्यांच्याबरोबर मुलीचे थोरले मामा, काशीराम मामा. सत्तरीचे, सडपातळ, कमरेला संबळ बांधलेला.

गावित सर म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात एक पद्धत आहे. संबळ सुरू झाला की मुलीला हळद लागून होईपर्यंत वाजप थांबू द्यायचं नाही. मामाच वाजवतात. पण यंदा त्यांचा खांदा..."

"खांद्याचं मी सांगतो," मामा म्हणाले. "बाई, तासभर नाय व्हायचं आता. पाव तास वाजवीन, मग मान हलवीन. माझा हात थांबायच्या आत तुमचं मशीन बोललं पायजे. मधी खंड नको. माझ्या बहिणीची एकच पोर हाय."

अभिनव मागून हळूच म्हणाला, "ईझी आहे. सिंक मारा."

"कशाला मारू?" मी म्हणाले. "काशीराम मामा फाइल आहेत का?"

सिंक फक्त लॅपटॉपमधल्या दोन गाण्यांना जुळवतं. समोर उभा जिवंत माणूस त्याला दिसतच नाही. इथे एकच उपाय होता. लॅपटॉपमध्ये उतरवलेली वडिलांची ती संबळाची रेकॉर्ड हेडफोनमध्ये लावून ठेवायची, मामांच्या हाताबरोबर कानाने जुळवत राहायची आणि वेळ आली की हळूच बाहेर सोडायची.

मामांनी सुरुवात केली. मुलगी पाटावर बसली. बायका लाकडी डेकवर नाचायला लागल्या आणि माझं टेबल थडथडायला लागलं. प्रामाणिकपणे सांगते, तिथे टर्नटेबल असतं तर सुईने उड्या मारल्या असत्या. मी एका कानाने मामा ऐकत होते, दुसऱ्याने रेकॉर्ड. बहात्तरला सुरू झालेले मामा रंगात आले, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. मी पट्टी सरकवत गेले. पट्टी संपली. मामा पुढेच. ऐंशीच्याही वर.

नववं मिनिट असेल. मामांच्या डाव्या हातातली काठी घसरली. त्यांनी ती पकडली, पण चेहरा कळवळला होता. मान हलवलीच नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. पाव तास कुठला!

माझ्या टर्नटेबलवर त्या क्षणी मी हरले असते. तिथे पट्टी आठ टक्क्यांना संपते म्हणजे संपते, आणि वेग वाढवला की सूरही चढतो, सनईची डास गुणगुणल्यासारखी गत होते. पण बुधवारी मी या पेटीवर दोन गोष्टी शोधल्या होत्या. एका बटणाने पट्टीची मर्यादा दुप्पट होते. दुसऱ्याने वेग वाढला तरी सूर जागचा हलत नाही. मी दोन्ही दाबली. पट्टी पुढे गेली. हेडफोनमध्ये रेकॉर्डमधला संबळ आणि समोरचा संबळ एकत्र पडायला लागले.

तेवढ्यात उजवीकडून अभिनवचं बोट आलं, सिंककडे. मी त्याचं मनगट धरलं.

"हात काढा."

"मॅडम, ते थांबतायत—"

"हात काढा म्हणते ना!"

एवढ्या जोरात मी मॅनेजरवर कधी ओरडले नव्हते. त्याने हात काढला. मी समेची वाट पाहिली आणि समेवर आवाज सोडला. बोटाने चकती जराशी मागे ओढली, मामांच्या संबळासमोरच्या माइकचा आवाज हळूहळू उतरवला. मामांचा उजवा हात चालूच होता, मग तोही मंदावला, मग थांबला. डेकवर एकही पाय चुकला नाही. मुलीच्या गालाला हळद लागत होती आणि सनईत वडिलांच्या रेकॉर्डची बारीक खरखर येत होती. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू.

हळद आटोपल्यावर मामा खांदा धरून टेबलापाशी आले. नॅपकिन उचलून खाली काय आहे ते बघितलं, परत झाकलं.

"बाई, मी कधी थांबलो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही कळलं?"

"नाय. काठ्या खाली ठेवल्यावं कळलं." मग म्हणाले, "आमच्या धाकट्याच्या पोरीचं पुढच्या साली हाय. तुम्हीच या."

गावित सरांनी ते अभिनवला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.

रविवारचा स्लॉट माझाच राहिला. आता टेबलावर डावीकडे एक टर्नटेबल असतं, उजवीकडे कंट्रोलर, दोन्हींवर मोठी छत्री. मी हरले असं जुने रेकॉर्डवाले मित्र म्हणतात. म्हणू देत बापडे. सुई उडाली असती तर त्यांच्यातला कोणी येऊन ती धरून बसणार नव्हता. आणि लॅपटॉपवाले विचारतात, स्क्रीनवर नॅपकिन कशाला? त्यांनाही उत्तर देत नाही.

नवीन कोणी शिकायला आलं तर मात्र पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगते. रेकॉर्ड उन्हात ठेवायची नाही. आणि मॅनेजरला बटणांपर्यंत हात पोचेल इतकं जवळ उभं राहू द्यायचं नाही.