उपरण्याखालचा सौदा

चिखलीतल्या शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं आणि भिंतीवर माझा हात टांगलेला होता. म्हणजे फोटो. माझा उजवा पंजा, समोरून आलेला दुसऱ्या कुणाचा, आणि दोन्हींवर पिवळट उपरणं. खाली पाटी होती, ‘गुरांच्या बाजारातील पारंपरिक सांकेतिक सौदा’. एवढंच. मामांचं नाव नव्हतं.

सकाळचे अकरा वाजले होते. बाराच्या एसटीने मामी सुलतानपूरहून येणार होत्या, नवऱ्याचं नाव भिंतीवर बघायला. ते लागणार, असं मीच त्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

मामा माझ्या नात्याचे नव्हते. सगळा बाजारच त्यांना मामा म्हणायचा. विशीत मी बैलांचे दोर धरायला बाजारात आलो, तेव्हा माझ्याकडे अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही नव्हतं. त्यांनी माझा हात उपरण्याखाली घेतला आणि दलाली शिकवली. किती बोटं धरली, कोणतं पेर दाबलं, त्यावर भाव. तोंडातून अक्षर नाही. शेवटी अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का. मग माघार नाही.

वर धूळ, हंबरणं, चहावाल्याची हाक. उपरण्याखाली मात्र ऊबदार अंधार, आणि त्यात दोन माणसांची बोटं झोपेत चालल्यासारखी सावकाश चालायची. मामा जाऊन वर्षं झाली, तरी अजून दुपारी डोळा लागला की माझी बोटं चादरीवर आपोआप हलतात. समोर मामा असतात. भाव चढवत नाहीत, उतरवत नाहीत. नुसता माझा हात धरून बसतात, आणि कुठूनतरी घुंगरमाळा वाजत राहतात.

आता बाजारात सगळे ओरडून नाहीतर फोनवर भाव करतात. म्हणून राज्याच्या जुन्या चालीरीती गोळा करत फिरणारी मंडळी कॅमेरा घेऊन आली, तेव्हा मी फुकट काही दाखवणार नव्हतोच. त्यांच्यातल्या मॅडमना म्हणालो, “शिकवणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे.” त्यांनी मान हलवली. उपरण्याखाली मी त्यांचा पंजा दाबला, त्यांनी माझा दाबला. झालं. नंतर त्यांनी नाव लिहायला फॉर्म पुढे केला आणि माझं डोकं फिरलं. हात दिल्यावर कागद मागायचा? मी फॉर्म तसाच कोरा परत केला.

म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये माझा आवाज चढला.

“मॅडम, सौदा मोडला तुमी!”

“कोणता सौदा, काका?”

“हात दाबला होता का नाही?”

“दाबला होता. पण तुम्ही शिकवत होतात ना तेव्हा?”

“फुकट शिकवाले मी काय रिकामटेकडा हाय?”

“आणि तो फॉर्म?”

“हात दिल्यावर कागद काऊन मांगता? आमच्यात त्याले शिवी म्हंतात.”

बघायला आलेले लोक फोटो सोडून आमच्याकडे बघू लागले. मॅडम हळूच म्हणाल्या, “छापील पाटी शहरातून येते. आठ दिवस लागतील.”

“मामी बाराच्या गाडीनं येऊन राह्यली!”

मी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर पसरलं. मॅडमनी हात आत घातला. मी दाबला नाही. त्यांनीच दाबला, अख्खा पंजा, चांगला जोर लावून. माझा राग गेला नाही, पण आवाज गेला.

त्यांनी मला विचारून पांढऱ्या कार्डावर मामांचं नाव लिहिलं आणि फोटोखाली चिकटवलं. प्रत्येक अक्षर मी दोनदा तपासलं.

मामी आल्या. त्यांना वाचता येत नाही. “कुठं हाय नाव?” म्हणाल्या. मी त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. शेवटच्या अक्षरापाशी बोट थांबलं, ते बराच वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं.

“हे उपरणं त्यायचंच ना?”

“हाव, मामी.”

“मंग फोटोच्या आधी धुतलं काऊन नाही बे?”

मॅडम हसल्या. मामी हसल्या नाहीत. खिडकीतून उन्हाचा पट्टा फोटोवर आला होता, आणि मामी त्या कापडावर तळवा ठेवून उभ्या होत्या, जणू खालचा हात अजून काही सांगत होता.

प्रदर्शन आता वरवट बकालला गेलंय. छापील पाटी लागली, असं मॅडम फोनवर म्हणाल्या. फोनवर कोणीही काहीही म्हणतं. उद्या सकाळच्या गाडीने मी स्वतः जाऊन बघणार आहे. मामीही येणार म्हणाल्या. उपरणं मी धुतलेलं नाही.