तो राऊंड कोणी मारला

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही. मुलीला नाही, भावाला नाही, ज्यांच्यासोबत तीस वर्षं शिफ्ट केली त्या मित्रांनाही नाही. सांगायची वेळ खूपदा आली — दर वेळी मी ती हसून घालवली. आज तुम्ही बसलेच आहात, तर ऐका.

आधी थोडं माझ्याबद्दल. बढाई वाटेल. वाटू द्या, सगळं सुरूच तिथून होतं. मी भिलाईच्या कारखान्यात ओव्हरहेड क्रेन चालवली. छताखालच्या केबिनमध्ये बसायचं आणि वितळलेल्या पोलादानं भरलेली घराएवढी बादली उचलून पलीकडे न्यायची. खाली माणसं काम करत असतात. हात हलला तर — पण माझा हात कधी हलला नाही. माझे वडील भंडाऱ्याकडून इथं आले आणि जन्मभर खाली फावडं मारत राहिले. त्यांचा मुलगा वर केबिनमध्ये बसला. याचा मला अभिमान होता, आजही आहे. हुडको कॉलनीतल्या आमच्या लाइनीत कोणालाही विचारा — न घाबरणारा माणूस म्हणूनच मला ओळखतात.

आणि आमची गाडी? ती माझी बायको चालवायची. सुनंदा. चाळिशी उलटल्यावर दुर्गच्या एका मोटर स्कूलमध्ये जाऊन शिकली आणि वर्षभरात माझ्यापेक्षा चांगली चालवू लागली. हे मला माहीत होतं. दरवर्षी दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीला जायचो तेव्हा देवरीच्या जंगलातली सगळी वळणं तीच काढायची, ट्रकांच्या मधून, गाणं गुणगुणत. मी बाजूला पाय पसरून बसायचो. पण नागपूर जवळ आलं की म्हणायचो, "दे आता माझ्याकडे." भावाच्या गल्लीत गाडी शिरायची तेव्हा स्टिअरिंगवर मी असायचो. ती मुकाट्यानं जागा बदलायची. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. तुम्हाला दिसतं ना?

मग पल्लवीला, आमच्या मुलीला, दक्षिणेत नोकरी लागली. तिचं सामान घेऊन आम्ही दोघं गाडीनंच गेलो. तिला पोचवलं, आणि परतताना रस्त्यात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक लागला. त्या दिवशी शर्यत नव्हती, ट्रॅक लोकांना पाहायला खुला होता. सुनंदा म्हणाली, "चला नं, पाहून घेऊ." आम्ही सगळं पाहिलं. गाड्यांची चाकं बदलतात ती जागा, पडद्यांनी भरलेली कंट्रोल रूम, वळणांवर रचलेले टायरचे ढीग. मी तिला सांगत होतो, इथं असं असतं, तिथं तसं असतं — मला तरी कुठं माहीत होतं!

शेवटी ज्यांना हवं त्यांना ट्रॅकच्या गाडीतून एक राऊंड मारता यायचा. चालवायचं आपण, शेजारी त्यांचा शिकवणारा. मी नाव लिहून दिलं. माझं. अंगावर त्यांचा तो डगला चढवला, हेल्मेट घातलं, आत बसलो. पट्टे आवळले. इंजीन सुरू झालं, आणि त्याचा आवाज पाठीच्या कण्यातून वर आला.

माझे हात हलू लागले.

समोर रस्ता मोकळा होता. कोणी माणूस नाही, ट्रक नाही. तरी माझा पाय क्लचवरून उठेना. शेजारचा पिकल्या दाढीचा शिकवणारा दोनदा म्हणाला, "चलिए अंकल." मग म्हणाला, "पीछे लाइन है." मी पट्टा सोडला. बाहेर आलो. पोट दुखतं म्हणालो.

सुनंदानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिला कळलं होतं. ओढणी सोडून माझ्या हातात दिली, "मले द्या तो टोप. मी जाते," एवढंच म्हणाली. तोच डगला, तेच हेल्मेट चढवून आत बसली.

आणि गेली! काय सांगू तुम्हाला? मी कठड्याला धरून उभा होतो. पहिल्या सरळ रस्त्यावर तिनं गाडी अशी सोडली की शेजारी उभी असलेली पोरं मोबाईल बाजूला ठेवून पाहू लागली. तिसरं वळण उताराचं होतं. तिथं आधीच्या सगळ्यांनी लांबूनच ब्रेक दाबला होता. तिनं दाबला नाही. दाबला नाही, अजून नाही — आणि मग एकदम आत कापून, टायर न कुरकुरता बाहेर. तो शिकवणारा उतरला तेव्हा त्यानं आधी विचारलं, "मॅडम, पहले कहाँ चलाती थीं?" ती म्हणाली, "दुर्ग." आणि हसली. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, ते हसू मी आधी पाहिलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. खोटं नाही सांगत, त्या क्षणी क्रेन, केबिन, काही आठवलं नाही. माझी बायको आहे ही, एवढंच वाटलं.

मग तो अभिमान कुठं गेला?

ती गाडीत असताना त्यांच्या माणसानं फोटो काढला होता. हेल्मेटची काच खाली, चेहरा दिसत नाही. सर्टिफिकेट नोंदीप्रमाणे माझ्या नावानं निघालं. संध्याकाळी मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं — "रेसच्या ट्रॅकवर एक राऊंड मारला." कोणी मारला, ते लिहिलं नाही. आपल्या भाषेत नाही लिहिलं तरी चालतं. पाच मिनिटांत भावाचं आलं, "वा दादा!" मग मेहुण्याचं, मग बाकीच्यांचं. सुनंदाही त्या ग्रुपवर होती. म्हणाली, "सांगा नं त्याइले." मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं नाही. सर्टिफिकेट बैठकीत लागलं.

पण मला कबूल करायचं ते हेही नाही. ते पुढं आहे.

मी रिटायर झालो त्या रविवारी घरी पन्नासेक माणसं जेवायला होती. भावानं ट्रॅकची गोष्ट काढली. मी ती सांगितली, तिसऱ्या वळणासकट. ब्रेक कसा उशिरा दाबला, तेही. सुनंदा वाढत होती. भावानं सहज विचारलं, "वहिनी, तवा तुमी काय करून राहिल्या होत्या?" ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, बोलणार होती. तिच्याआधी मीच बोललो. "हे? हे तर डोळे मिटून बसली होती. थरथर कापत होती."

सगळे हसले. पल्लवीही हसली.

सुनंदानं हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. पुढच्या माणसाला वाढलं. दुसऱ्या दिवशी गाडीची चावी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आता तुमीच चालवत जा." आवाज चढवला नाही. मी एकदा, दोनदा चावी पुढं केली — एकटे असताना. तिनं घेतली नाही. तेव्हापासून तिनं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. दसऱ्याला देवरीची वळणं मी काढतो, जपून, आणि ती बाजूला खिडकीबाहेर पाहत असते. गुणगुणत नाही.

मागच्या आठवड्यात इथल्याच जुनवानीहून माझी चुलत पुतणी आली. तिला गाडी शिकायची आहे. म्हणाली, "काकू, कोई बता रहा था तुमाले येते म्हणून. मले शिकवा नं."

सुनंदा म्हणाली, "नाही वं बाई. मले गाडीचं भेव लागते."

मी तिथंच बसलो होतो. पेपर हातात होता. मी बोललो नाही.

तिला भीती वाटत नव्हती. कधीच नव्हती. घाबरलो होतो मी. तो राऊंड सुनंदानं मारला.