गाश्पेरच्या कुरणातला पट्टा

बोहिन सरोवराच्या भोवती जेवढ्या पायवाटा आहेत, त्यातल्या निम्म्याअधिक वाटांवरच्या खुणा लोव्रोच्या हातच्या आहेत. पांढरा ठिपका आणि त्याभोवती लाल कडं. झाडावर, खडकावर, कुठं पडक्या कुंपणाच्या खांबावर. शहरातले लोक पाठीवर पिशव्या लटकवून येतात, ठिपका बघतात आणि निर्धास्त पुढं जातात. हे ठिपके आपोआप उगवतात असंच त्यांना वाटत असणार, आणि लोव्रोची त्याला हरकत नव्हती. आभाराचे दोन शब्द ऐकायची वेळ आली की तो कावराबावरा व्हायचा.

सरोवराकाठच्या लाझ गावात त्याचं घर. लाकडाच्या गिरणीत उभा जन्म काढला, आणि सुट्टीच्या दिवशी गिर्यारोहण मंडळाचे रंगाचे डबे घेऊन डोंगरात. माणूस नाकासमोर चालणारा, पण राग मात्र त्याच नाकावर. जमीनमालकाला विचारल्याशिवाय त्यानं कुणाच्या दगडाला कधी ब्रश लावला नाही. विचारायला जाताना टोपी हातात घ्यायचा. अमुक घरी ‘मोहांत’ नावाच्या उग्र गावठी चीजचा वास सोसत बसावं लागेल, तमुक घरी पेअरची दारू घ्यावी लागेल, हे सगळं त्याला पाठ होतं. फक्त एका घरी तो जात नसे, आणि ते घर त्याच्या थोरल्या भावाचं होतं.

गाश्पेरचं आणि त्याचं भांडण पाण्याच्या डोणीवरून. बाप गेला, कुरणाचे दोन भाग झाले, आणि गुरांना पाणी पाजायची लाकडी डोण नेमकी बांधावर आली. दोघंही म्हणाले माझी. पुढं लोव्रोनं आपला भाग विकून टाकला, डोण कुजून गेली, पण भाऊबंदकी ताजी राहिली. एकाच चर्चमध्ये, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. गावाला त्याची इतकी सवय झाली होती, की मधली जागा कुणी बसायला घेत नसे.

आता बेला स्कालाची गोष्ट. हा गावामागचा पांढरा कडा. वर गेलं की अख्खं सरोवर खाली पसरलेलं, पलीकडच्या काठावरचं चर्च, त्याच्यामागं तीन गावांची छपरं. इथली वाट लोव्रोनं पहिल्यांदा आखली तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. मिंकाला मागणी त्यानं तिथंच घातली, आणि दम लागलेला असल्यामुळं तिला ती दोनदा ऐकावी लागली. बाकी वाटा मंडळाच्या होत्या. ही त्याची होती.

मे महिन्यात वरून दरड आली आणि ओढ्यालगतचा वाटेचा तुकडा घेऊन गेली. नुसती माती नाही, अख्खा उतारच खाली गेला. मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष पोल्दे हा गावचा पोस्टमन. त्यानं सरळ सांगितलं, "वळसा एकच आहे. गाश्पेरच्या कुरणातून. तो हो म्हणाला तर वाट राहील. नाही म्हणाला तर बंद करावी लागेल, कुणीतरी पडून मरेल उगाच. लोव्रो, तू विचार."

लोव्रोनं मान डोलावली आणि विचारलं मात्र नाही. आज जातो, उद्या जातो म्हणत जून उजाडला.

"अरे, जाऊन विचार की," मिंका म्हणाली. "भाऊ आहे तुझा. खाणार नाहीये तुला."

"तूच विचार."

"मी रोज बोलते त्याच्याशी, दुकानात. पण वाट तुझी आहे. माझ्या तोंडून निरोप गेला तर तो म्हणेल, बायकोला पुढं केलं. बरोबरच म्हणेल."

लोव्रो टोपी घेऊन निघालाही होता एका रविवारी. रस्त्याच्या वळणावरून गाश्पेरचं कुरण दिसतं. तिथं तो थबकला. गवत कमरेएवढं उभं होतं, अजून कुणाचीच कापणी सुरू झालेली नव्हती, आणि त्या उभ्या गवतातून एकच पट्टा कापलेला होता. गवत वाळवायच्या लाकडी मांडवापासून निघून वर झाडीकडं गेलेला.

आमच्या खोऱ्यात असा पट्टा म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. बांधाचा तंटा असला की कापणीच्या आधी मालक आपल्या हद्दीवरून विळ्याचा एक हात फिरवतो. इथवर माझं, पुढं पाऊल टाकायचं नाही. बोलावं लागत नाही, वकील लागत नाही.

लोव्रोनं टोपी डोक्यावर घातली आणि तो परत फिरला.

"विचारलंस?" पोल्देनं पुढच्या बैठकीत विचारलं.

"विचारायचं काय त्यात? बांधाचा पट्टा कापून ठेवलाय त्यानं. मिळालं उत्तर."

सगळे हळहळले, गाश्पेरला दोन शिव्या घातल्या, आणि वाट बंद करायचं ठरलं. जाऊन बघून यावं असं एकालाही वाटलं नाही. कसं वाटणार, सगळे याच खोऱ्यातले. लोव्रोनं सुतावरून स्वर्ग गाठला, आणि मंडळ त्याच्या मागोमाग गेलं.

वाट बंद करणं म्हणजे खुणा पुसणं. त्यासाठी राखाडी रंग असतो, दगडाच्या रंगाशी मिळताजुळता. पोल्दे म्हणाला, दुसऱ्या कुणाला पाठवतो. लोव्रो म्हणाला, माझ्या खुणांना दुसऱ्याचा हात लागायचा नाही. सप्टेंबरात तो राखाडी डबा घेऊन वर गेला आणि कड्यावरून खाली एकेक ठिपका पुसत उतरू लागला. दरडीपाशी झाडांच्या मुळ्या धरत तो पलीकडं गेला आणि परत ब्रश हातात घेतला. त्याला फार वाईट वाटत होतं. गिरणीतून निवृत्त झाला त्या दिवशीसुद्धा एवढं वाटलं नव्हतं. एका खुणेपाशी थांबून त्यानं भावाला मोठ्यानं शिव्या घातल्या. जवळ कुणी नव्हतं म्हणून बरं.

शेवटचा ठिपका खाली गाश्पेरच्या मांडवाशेजारच्या दगडावर होता, बाप असतानाच रंगवलेला. लोव्रोनं ब्रश बुडवला, तोच मागून काठीचा आवाज आला.

"हे काय चाललंय?" गाश्पेर उभा होता.

"डोळे आहेत ना? पुसतोय."

"ते दिसतंय. का पुसतोयस?"

"वर मलाच विचारतोस! पट्टा कुणी कापला? मी?"

"मी कापला. तुझ्यासाठी कापला."

"माझ्यासाठी बांध दाखवलास, होय?"

"बांध?" गाश्पेरचा आवाज चढला. "अरे गाढवा, बांध तिकडं आहे, डोण होती तिथं! सगळं आयुष्य त्या बांधावर भांडलास, आणि बांध कुठं आहे ते विसरलास? पट्टा ओढ्याला गेलाय. तुझी वाट तुटली ना, बरोबर तिथं. बघितलंस का चालून?"

लोव्रोनं चालून बघितलं नव्हतं. खोऱ्यातली प्रत्येक वाट ज्यानं पायाखाली घातली, तो हा एक पट्टा रस्त्यावरून बघून माघारी गेला होता.

"मला वाटलं, येईल आज ना उद्या लाल डबा घेऊन," गाश्पेर म्हणाला. "गवत परत वाढलं. परत कापलं. तरी पत्ता नाही. आणि आता आलास, तर हा डबा घेऊन."

"बोलायचं होतंस."

"गरज कुणाची होती? मी का बोलू?"

लोव्रोनं डबा गवतात ठेवला आणि तो पट्ट्यावरून चालू लागला. गाश्पेर काठी टेकत मागून आला. वाटेत एक दलदलीची जागा होती, पट्टा तिला वळसा घालून गेला होता. वरच्या कुंपणापाशी दोन्ही बाजूंना एकेक फळी ठोकलेली होती, म्हणजे पाय ठेवून पलीकडं जाता यावं. फळ्या नव्या होत्या, कडा तासून गुळगुळीत केलेल्या. गाश्पेरला डोंगरात चालायला येणाऱ्या लोकांचा मनस्वी तिटकारा होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. या फळ्या त्या लोकांसाठी नव्हत्या.

लोव्रोला लाज वाटली. त्यानं फळीवर हात ठेवला आणि तसाच म्हणाला, "चुकलं माझं. विचारायला यायला हवं होतं."

"हवंच होतं."

"पुन्हा रंगवतो सगळ्या. वसंतात."

"रंगव. पण पट्टा कोण कापणार? माझे गुडघे गेले. गाई पण विकल्या परवा. गवत उभंच राहणार आता, आणि उभ्या गवतात तुझे ठिपके कुणाला दिसणार?"

हिवाळ्यातल्या बैठकीत लोव्रो उठून उभा राहिला आणि म्हणाला, भावानं वाट अडवली नव्हती, मी बंद केली. पोल्देनं कपाळावर हात मारून घेतला. बर्फ वितळल्यावर प्रत्येक राखाडी डागावर परत पांढरा ठिपका आणि लाल कडं आलं. रंगाचा खर्च मंडळानं दिला, टोमणे फुकट.

जूनमध्ये एका सकाळी लाझच्या रस्त्यावर माणसं थबकून उभी राहिली. गाश्पेरच्या कुरणात लोव्रो लांब दांड्याचा विळा घेऊन उतरला होता. गिरणीच्या नोकरीत त्याची विळ्याची सवय मोडली होती, आणि गवत कापलं जायच्या ऐवजी नुसतं आडवं पडत होतं.

गाश्पेर घरासमोरच्या बाकावर बसून बघत होता. शेवटी न राहवून ओरडला, "अरे, गवत कापतोयस की त्याचे केस विंचरतोयस? बापानं बघितलं असतं तर परत मेला असता!"

"एवढं येतंय तर ये ना इकडं!"

गाश्पेर खरंच उठला. काठी टेकत, थांबत थांबत आला. लोव्रोच्या हातातून विळा घेतला, त्याच्या कमरेला लटकवलेल्या पोकळ शिंगातून धारेचा दगड काढला आणि पात्यावरून सावकाश फिरवला, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. अंगठ्यानं धार बघितली. विळा परत भावाच्या हातात दिला.

"काप आता," तो म्हणाला. "आणि जरा रुंद घे. माणसं जायची आहेत इथून."