हिरव्या पडद्यांची खिडकी

कुणालाच सांगितलेलं नाही हे. बायको तेव्हा गाडीतच होती, तीही फसली. कितीदा जिभेवर आलं आणि कितीदा गिळलं — आज तुमच्यापुढं काढतोय, कारण थंडी पडली, हुरडा पुन्हा सुरू झालाय आणि मला घरात बसवत नाही.

गाडीपासून सांगतो. दोन मालक बदलून आलेली जुनी गाडी. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका फ्रिज-टीव्हीच्या दुकानात मी कामाला आहे. त्या पगारात गाडी बसत नव्हती, तरी घेतली. का? चार लोकांनी बघावी म्हणून, दुसरं काय! आणि गाडी आली म्हटल्यावर मंगळवेढ्याहून आईचा निरोप — "मग मला पुण्याला ने की. सुमीकडं."

सुमी म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. दोघींचं बोलणं बंद होतं, माझ्याच लग्नातल्या मानपानावरून. मावशीनं आणलेली साडी आईनं नेसली नाही, बाजूला ठेवली — एवढंच. हसू नका, आमच्याकडं एवढ्यावर माणसं कायमची तुटतात. मग इतक्या वर्षांनी, मी गावी गेलो असताना, मावशीनं स्वतःहून माझ्या फोनवर फोन केला, आईला द्यायला सांगितला आणि म्हणाली, "अक्का, औंदा हुरडा घिऊन ये की." बस्स. आई रडली, पदरानं डोळे पुसले आणि तयारीला लागली.

हुरड्याचं तुम्हाला माहीत असेल — कणीस तोडलं की दाणा कडक व्हायला लागतो. आदल्या दिवशी आम्ही गावी मुक्कामाला गेलो. आईनं पहाटे रानातून कवळी कणसं तोडून आणली, ओल्या फडक्यात बांधली आणि वर चार गोवऱ्या ठेवल्या. मी म्हटलं, अगं, पुण्याच्या फ्लॅटात गोवऱ्या कुठं पेटवणार? तर म्हणाली, "गॅसवर भाजल्याला हुरडा व्हय? गच्चीवर पेटवू की." गाठोडं डिकीत ठेवू दिलं नाही. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसली.

माझा सगळा हिशोब ठरलेला. लॉज नाही, हॉटेल नाही, एसी लावायचा नाही. भाकरी आणि शेंगाची चटणी घरची, त्याच दिवशी परत. पुण्यानं त्याची पार वाट लावली. मागं बायकोजवळ बसलेल्या पोरीला प्राणिसंग्रहालयातला हत्ती दाखवायला थांबलो, तर बाहेर येईपर्यंत चाकाला जॅमर. दंड भरला तो परतीच्या पेट्रोलच्या पैशातनं. आणि मग तो उड्डाणपूल! खालून जायचं तर मी वर, वरनं जायचं तर मी खाली. फोनमधली बाई 'वळा' म्हणायची ते वळण मागं गेल्यावर. मागचे हॉर्न मारून जीव खात होते. एका मोटरसायकलवाल्यानं तर काच वाजवून शिवी दिली. पेट्रोलचा दिवा लागला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि शेजारून आई — "अजून किती लांब हाय रं? दाणा कडक व्हायलाय."

मी ओरडलो तिच्यावर. "गप बस की जरा!"  एवढ्यावरच थांबलो असतो, तर आज हे सांगायची वेळ आली असती का?

मावशीची सोसायटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. आणि माझ्या डोक्यात एकच — नाही जायचं. झालं तेवढं पुरे. दिसेल त्या कोपऱ्यावर गाडी लावली. समोर उंच उंच इमारती होत्या. आईला म्हणालो, "आलं. हीच सोसायटी. गाडी आत सोडत नाहीत, मी बघून येतो." कुणाच्या इमारती, कुठली गल्ली — देव जाणे.

कोपऱ्यामागं गेलो. टपरीवर चहा घेतला. हो, चहा घेतला मी! मग मावशीला फोन लावला. तिनं लगेच उचलला. "कुटं आलाव? खाली यिऊन उबारते मी." आणि मी — किती सहज निघालं तोंडातून — म्हणालो, "मावशी, आई नको म्हणतीय. तिचं मन होईना."  पलीकडनं ती म्हणाली, "बरं. सावकाश जावा बाबा."

परत येऊन आईला सांगितलं, दाराला कुलूप आहे, फोन उचलत नाही, शेजारी म्हणतात सकाळीच कुठंतरी गेली.  आईनं गाठोडं माझ्यापुढं केलं. "वाचमनपाशी ठिव. आल्यावर खाईल." तेही घेऊन गेलो. टपरीमागं कचऱ्याचा डबा होता, त्यात टाकलं — गोवऱ्यांसकट. येऊन म्हणालो, "दिलं."

निघताना तिनं विचारलं, "खिडकी कंची रं तिची?" मी वर न बघताच बोट दाखवलं. गाडी वळेपर्यंत ती मान वळवून तिकडं बघत होती.

पुढं कित्येक दिवस आई फोनची वाट बघत राहिली. सुमी निदान एवढं तरी म्हणेल, अक्का, हुरडा मिळाला. कसा येणार फोन? तिकडं मावशीनंही अक्काचं नाव टाकलं असणार. दोघी अजून आहेत, धडधाकट आहेत. मावशीचा नंबर माझ्याकडं आहे. आता पगार बरा आहे, गाडी दारात आहे, टाकी भरलेली असते. मग कशामुळं झालं म्हणू — पैशामुळं? पुण्याच्या ट्रॅफिकमुळं? मला माझाच इतका राग येतो की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं, आणि तरी फोन हातात घेतो नि ठेवून देतो. कारण लावला, तर पहिलं वाक्य मलाच बोलावं लागणार. ते मला जमत नाही. भित्रा आहे मी.

परवा रानात हुरडा होता. वळसंगची एक पाव्हणी आली होती. तिनं आईला सहज विचारलं, "तुमची बहीण पुण्याला असती न्हवं?"

"व्हय," आई म्हणाली. "घर बघिटलंय की मी तिचं, भायेरनं. खिडकीला हिरवं पडदं हायती. त्या पडद्यामागं कोणतरी उबारलं हुतं. घरातच हुती ती, म्हाईत हाय मला. भायेरनं कुलूप घालाय लावलं असंल कुणाला तरी." मग माझ्याकडं वळली. "व्हय की न्हाय रं? तू तर दारापतूर गेलतास."

गोवऱ्यांच्या आगटीतलं गरम कणीस मी तळहातावर चोळत होतो.

"व्हय," म्हणालो.