आण्णांना विचारलं का?

शुक्रवारी सकाळी सरवदे मॅडम ऑफिसात शिरल्या की खांद्यावरची पर्स उतरायच्या आधी त्यांचा प्रश्न यायचा, "आण्णांना विचारलं का?" नव्या माणसाला वाटायचं, आत कुणी वयस्कर साहेब बसत असावेत. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं आणि मी घाईघाईनं शर्ट खोचून घेतला. आण्णा म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावरचा एक पिवळा पडलेला जुना संगणक होता. सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि दोन चहा होईस्तोवर काही बोलायचा नाही.

धाराशिवात एका भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं पाच जणांचं ऑफिस आहे. एका संस्थेच्या संगणकानं दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला निरोप द्यायचा, त्या सोयीला वेब सर्व्हिस म्हणतात. अशा सोयी ज्यांना बनवायच्या असतात त्यांच्यासाठी आम्ही हत्यारं बनवतो. तुळजापुरात माझ्या आईला हे कळेना, तेव्हा मॅडमनीच तिला सांगितलं, की सुताराला रंधा करून देणारा लोहार असतो ना, तेच आमचं काम. आईला ते पटलं. मुलगा लोहार झाला याचं तिला थोडं वाईट वाटलं, एवढंच.

मॅडम मूळच्या ईट गावच्या. हॉस्टेलवर राहून शिकल्या, पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली आणि आमच्या कंपनीनं इथं शाखा काढली तेव्हा हट्टानं परत आल्या. हत्यार कितीही नवं करा, पण जुन्या संगणकाचा निरोप त्याला समजलाच पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यासाठीच आण्णा. आमचं प्रत्येक नवं काम आधी आण्णांवर चालवून बघायचं, मगच शुक्रवारी बाहेर पाठवायचं. कुणी कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "पंगतीत नवा माणूस आला तर सरकून जागा करायची. बसलेल्याला उठवायचं न्हाय." हे त्या उगीच म्हणत नव्हत्या. कुठल्याशा लग्नात त्यांच्या वडिलांना ताटावरून उठवलं होतं. ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं आणि लगेच कामाकडं वळल्या.

अशा बाईच्या हातून ते व्हावं, याचं मला अजून नवल वाटतं. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून साहेबलोक आमची प्रगती बघायला येणार होते. मॅडमनी पडदे धुवून घेतले, भिंतीला रंग दिला. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी त्यांची नजर आण्णांवर गेली. हे काय भंगार ठेवलंय म्हणतील, असं पुटपुटत त्यांनी आण्णांना मागच्या खोलीत ठेवायला सांगितलं आणि वर चादर टाकली. पाहुणे आले, खूश झाले, आणि त्यांच्या समोरच नवी आवृत्ती बाहेर गेली. त्या शुक्रवारी आण्णांना कुणी विचारलं नाही.

कळंबच्या एका शाळेतून फोन आला तोवर बराच उशीर झाला होता. तिथल्या एका मुलीनं हॉस्टेलसाठी शाळेच्या संगणकावरून अर्ज भरला होता. हॉस्टेलची ती अर्जांची सोय आमच्याच हत्यारानं बनवलेली होती. पडद्यावर 'अर्ज पाठवला' असं आलं, पण हॉस्टेलवाल्यांना तो मिळालाच नाही. बाकीच्या शाळांचे संगणक नवे होते. जुना तेवढा तिच्याच शाळेत होता. मॅडमनी मागच्या खोलीत जाऊन चादर काढली आणि आण्णांवरून एक निरोप पाठवून पाहिला. 'पाठवला' असं दिसलं. पलीकडं काहीच पोचलं नाही. आमच्या नव्या आवृत्तीनं तो मुकाट्यानं टाकून दिला होता. मॅडम तिथंच खोक्यावर बसल्या. म्हणाल्या, "मला याची लाज वाटली रे, पाहुण्यांपुढं. आणि जागा कुणाची गेली बघ."

हॉस्टेल भरलेलं होतं, तिथल्या लोकांनी हात वर केले. पुण्याहून निरोप आला, की तांत्रिक अडचण एवढंच सांगा, फार खोलात शिरू नका. मॅडमनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मला घेऊन कळंबला निघाल्या. तिथून मुलीच्या गावी रिक्षानं गेलो.

मुलगी शाळेला निघायच्या तयारीत होती. तिची आई दारात भांडी घासत होती. मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पोरीनं अर्ज नीट भरला होता. माझ्यामुळं तो पोचला न्हाय." बाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग पोरीकडं न बघता हळूच बोलली, "म्या तिला मारलं ओ. येंधळी म्हणलं." तिनं पदर तोंडाला लावला. मला त्या अंगणात उभं राहवेना.

मुलगी मात्र रडली नाही. दप्तर खांद्याला अडकवून तिनं मॅडमना विचारलं, "गुरुजींनी सगळ्या वर्गापुढं माझं नाव घेतलं, अर्ज चुकवला म्हणून. तुमी हेच तिथं सांगताल का?"

मॅडम व्हय म्हणाल्या.

वर्गात पोरं उठून उभी राहिली. मॅडमनी त्यांना बसवलं आणि तिच्या नावानिशी सांगितलं, की तिची काही चूक नव्हती, चूक माझी होती, माझ्या चुकीनं तिची हॉस्टेलची जागा गेली आणि ती मला परत देता येत नाही. पोरगी आता वर्षभर एसटीनं येणार-जाणार. एवढं बोलून त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. मी दाराशी फरशीकडं बघत होतो. आपल्या माणसाला असं उभं बघायची मला लाज वाटत होती, आणि त्या वाटण्याचीही वाटत होती. गुरुजींना काय करावं सुचेना. त्यांनी घसा खाकरला, मॅडम किती मोठ्या मनाच्या आहेत ते सांगितलं, आणि टाळ्या वाजवायला लावल्या. अख्खा वर्ग टाळ्या वाजवू लागला. मॅडमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

पुढं महिनाभरात त्यांची नोकरी सुटली. कंपनीनं काढलं की त्यांनीच सोडली, ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी शाळेतून परतताना कळंबच्या स्टँडवर मात्र मी त्यांना समजावायला गेलो होतो. म्हणालो, मॅडम, झालं ते झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या की तुमच्यासाठी.

"तिनं न्हाय वाजवल्या," त्या म्हणाल्या. "मी बघत होते. एवढ्या वर्गात मी काय बोलले ते तिला एकटीलाच कळलं."