माणिकमामांनी गाळलेली ओळ

माझे माणिकमामा मूळचे भंडाऱ्याचे. लखनऊच्या एका सरकारी शवागारात ते तीस वर्षं टायपिस्ट होते. डॉक्टर आतून सांगायचे, मामा बाहेर बसून शवविच्छेदनाचा अहवाल टाइप करायचे. इंदिरा नगरला घरी आले की आधी अंघोळ, मग चहा. कामाबद्दल अवाक्षर नाही. मी त्यांच्याकडे राहून शिकत होते. माणूस इतका मऊ की भाजीवाल्याशीही घासाघीस करायचा नाही. मधुमतीमामी म्हणायच्या, "यांना कुणीही गुंडाळतं."

त्या मऊपणाचा मला अजून राग येतो.

एकदा शवागारात अलीगंज मोहल्ल्यातल्या एका मुलीचं प्रेत आलं. एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली. डॉक्टरांनी सांगितलं: तीन महिन्यांचा गर्भ, कुणा अडाण्याने तो पाडताना गर्भाशयाला भोक पाडलं, आत निळ्या दोऱ्याच्या कापडाचा बोळा राहिला, रक्तस्रावाने मृत्यू. तिचे वडील शाळामास्तर. ते मामांच्या खिडकीशी हात जोडून उभे राहिले. "भैया, वो बात मत लिखिए. छोटी बहन की शादी नहीं होगी."

मामांच्या कंप्युटरात अहवालाचा साचा तयार असे. त्यात 'गर्भाशय' या शब्दापुढे आधीच लिहिलेलं असे: रिकामे, निरोगी. मामांनी मास्तरांना शब्द दिला, ती ओळ तशीच राहू दिली आणि खाली फक्त 'पोटात रक्तस्राव' लिहिलं. डॉक्टर संध्याकाळी गठ्ठ्यावर न वाचता सह्या करत. पोलिसांनी आजार म्हणून फाइल बंद केली. त्या दिवशी मामा पहिल्यांदाच घरी कामाबद्दल बोलले. "आज एका बापाची लाज राखली," म्हणाले. मला त्यांचं कौतुकच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पाच महिन्यांनी दुसरी मुलगी आली. भोक त्याच जागी, आत तसाच निळ्या दोऱ्याच्या कापडाचा बोळा राहिलेला. डॉक्टरांनी आतून विचारलं, "माणिकजी, ऐसा केस पहले भी आया था न?"

 तीन दिवस मामा ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. रात्री आडवे झाले तरी बोटं उशीवर टाइप करत. मामी घाबरून गेल्या होत्या, मीही. चौथ्या दिवशी त्यांनी सगळं लेखी कबूल केलं. अहवाल दुरुस्त झाला, चोरून गर्भपात करणारा दवाखाना चालवणारी बाई पकडली गेली, मामा निलंबित झाले. न वाचता सही करणारे डॉक्टर मात्र नामानिराळे राहिले.

मग मास्तर आमच्या दारात आले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "जुबान दी थी आपने! बेटी तो गई ही थी, अब इज़्ज़त भी गई!"

मामा उंबऱ्यात उभे राहून सगळं ऐकत होते. मास्तर दमल्यावर त्यांनी विचारलं, "उसे वहाँ ले कौन गया था, मास्टरजी?"

मास्तर पायरीवरच बसले. म्हणाले, "मैं."

"आपने भी किसी को नहीं बताया, मैंने भी नहीं लिखा. फिर दूसरी लड़की को हम दोनों ने मारा."

"दूसरी कौन?"

मास्तरांना ते माहीतच नव्हतं. मामा त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि तिचं नाव, वय, बापाचं नाव, पत्ता, जखमेची जागा, सगळं त्यांनी एकेक करून सांगितलं. या वेळी एकही ओळ गाळली नाही.