बाना काटोंगोची शिकवणी

आमच्या गावात, कासामात, बदली होऊन आलेल्या माणसाला आमची बेम्बा भाषा शिकायची असली की लोक त्याला आमच्या शेजारणीकडे धाडायचे. तिचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगी काटोंगो, म्हणून ही बाना काटोंगो, काटोंगोची आई. अंगणात चार खांबांवर गवताचं छप्पर घातलेली इनसाका होती, तिथे ती शिकवायची. पुस्तक नाही, फळा नाही. आधी नुसते गुडघे आणि हात. मोठ्या माणसासमोर खाली बसायचं, ओंजळ करून हलकी टाळी वाजवायची, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत हे सगळं विचारून झालं की मग कामाचं बोलायचं. जिभेची पाळी त्यानंतर. शिकवताना तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की आमच्या ओसरीवरसुद्धा बोलायची सोय राहत नसे.

आणि या बाईच्याच जावयाला धड बेम्बा येत नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

हा जावई जेरे न्गोनी जमातीचा, दूर चिपाटाकडचा. लॉऱ्या दुरुस्त करायचा. न्गोनी आणि बेम्बा यांचं नातंच थट्टेचं, त्यामुळे आमच्या गल्लीतलं कुणीही त्याला "उंदीरखाऊ" म्हणे आणि तोही "माकडखाऊ" म्हणून परतफेड करी. शिव्या त्याने पहिल्या आठवड्यात उचलल्या. बाकीचं मात्र त्याला शिकवणार कोण? आमच्यात जावयाला ताट वाढून रीतसर घरात घेईपर्यंत सासू आणि तो समोरासमोर येत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. बाना काटोंगो पायवाटेने येताना दिसली की जेरे सायकलसकट गवतात उतरायचा, आणि ती मान वळवून पुढे जायची.

आत घेण्याचा अधिकार मामाचा, म्हणजे बाना काटोंगोच्या थोरल्या भावाचा. लुकोंडेमामांचा राग एका मयतीपासूनचा. तिथे जेरेने उभ्या उभ्या म्हाताऱ्यांशी हात मिळवला होता आणि पाणी एका हाताने घेतलं होतं. "आधी त्याला बसता येऊ दे, बोलता येऊ दे, मग बघू," मामा म्हणाले, आणि ते बघणं वर्षानुवर्षं लांबलं. मला विचाराल तर मामा जरा जास्तच ताणत होते. पण मला कोण विचारतो?

अशात काटोंगोला पुन्हा दिवस गेले. पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. त्यात जेरेला गावाकडे चांगलं काम मिळालं, म्हणजे बाळंतपण चिपाटाला. काटोंगोला आई जवळ हवी होती. आणि आत न घेतलेल्या जावयाच्या घरात सासू राहणार कशी? काटोंगो मामांपुढे जाऊन रडली. मामा विरघळले, पण अर्धेच. "कापणी झाली की सगळे जमतील. तेव्हा बघतो त्याला. चुकला, तर तुझी आई इथेच राहील."

त्या दिवसांत शिकवणीला चिपेगो नावाची दक्षिणेकडची टोंगा नर्स येत होती. गरीब स्वभावाची, हुशार मुलगी. तिच्यावर अचानक आभाळ कोसळलं.

"चिपेगो! उभ्याने काय बोलतेस? झाड आहेस का?"

"बाना काटोंगो, मी बसलेलीच आहे."

"मग तशीच बस! आणि पाणी एका हाताने घेतेस? दुसरा हात काय गहाण ठेवलाय?"

"मी पाणी घेतलंच नाही अजून."

"घेशील तेव्हा! मामांनी विचारलं, शेत कसं आहे, तर काय सांगशील? नुसतं 'चांगलं'? अगं, त्यांना मक्याची काळजी नसते, तुझी असते. पाऊस सांग, कीड सांग, मग त्यांचं शेत विचार."

"मला शेतच नाही हो!"

चिपेगो अगदी रडकुंडीला आली. एके दिवशी ती पाणी टाकायच्या निमित्ताने उठली आणि कुंपणापलीकडे डोकावली. तिथे जेरे सायकल उलटी करून बसला होता. सायकल धडधाकट होती. हात ओंजळीसारखे जुळवून तो हळूच टाळीचा सराव करत होता.

लेकी बोले सुने लागे, तसा हा कारभार! चिपेगो परत येऊन बसली, आणि त्या दिवसापासून मुद्दाम चुका करू लागली. एकेक चूक अशी की बाना काटोंगोला अर्धा तास ओरडायला पुरावी. कापणीपर्यंत मलाही सगळं पाठ झालं, आणि मी तर जन्माने बेम्बा.

कापणीनंतर बाना काटोंगोच्या अंगणात माणसं जमली, चिपेगोही आली. जेरे चटईच्या कडेला खाली बसला, ओंजळीने टाळी वाजवली. मामांनी रात्रीचं विचारलं, घरचं विचारलं, शेताचं विचारलं. त्याने पाऊस सांगितला, कीड सांगितली, मग मामांच्या कसाव्याची चौकशी केली. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घेतला. काटोंगो दाराशी पोटावर हात ठेवून उभी होती.

मामा त्याच्याकडे बघत राहिले. "उंदीरखाऊ, हे कुणी शिकवलं तुला?"

"चिपेगोच्या चुकांनी, मामा."

मामांनी कुंपणाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि गदागदा हसले. "आण गं ताट. घेतला तुझा जावई आत."

बाना काटोंगोने कोंबडी आणि बुआलीचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा आणून जेरेपुढे ठेवला. आता बोलायला मोकळीक होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिला शब्द सुचेना. ती चटईकडे बघत म्हणाली, "चिपेगो, त्याला सांग, गार होतंय."

"मी नाही सांगणार," चिपेगो म्हणाली. "तुम्हीच सांगा."

बाना काटोंगोने मान वर केली. लेकीचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याचा चेहरा नीट पाहिला.

"जेव, पोरा," ती म्हणाली, कुंपणापलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू.